कळलावीची अकरा पानं

चेन्नईहून परत आल्याला महिना झाला. आमच्या कुडाळात जो भेटतो तो विचारतो, समुद्र कसा, देवळं कशी, इडली कशी. समुद्र आमच्यासारखाच खारट आहे, देवळं मी बाहेरूनच पाहिली आणि इडली रोज खाल्ली. पण पंधरा दिवस तिथे मी काय करत होते ते सांगायला लागले, की लोक आधी हसतात आणि मग गप्प होतात. म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढते.

मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावर रानभाज्यांवर लिहायला लागले. भाच्याने ब्लॉग काढून दिला, त्यावर आठवड्याला एक वनस्पती टाकायची: नाव, कुठे उगवते, कशी ओळखायची, कशी शिजवायची. तो ब्लॉग वाचूनच मला चेन्नईचं बोलावणं आलं. तांबरमच्या एका कॉलेजात संगणकाला मराठी वाचायला लावायचं काम चाललं होतं. इंटरनेटवर जे जे मराठी लिहिलेलं आहे ते त्याने वाचायचं आणि त्यातून आपलं आपण ज्ञान मिळवायचं. काय कुठे उगवतं, कशाला काय म्हणतात, काय खातात, सगळं. तो जे शिकला ते बरोबर की चूक हे तपासायला झाडाझुडपांची माहिती असलेलं मराठी माणूस त्यांना हवं होतं.

फोनवर कावेरी नावाची मुलगी होती. म्हणाली, "मावशी, तुम्ही यावें. राहाणें आमच्या घरींच." इतकं जुन्या वळणाचं मराठी इतक्या तरुण आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं. तिथेच मी हो म्हटलं.

वेस्ट मांबलम

मांबलम स्टेशनला दोन बाजू आहेत, आणि चुकीच्या बाजूला उतरलं तर माणूस साड्यांच्या दुकानांत हरवतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पूर्वेला उतरले. बॅग सावरत कुणाला काही विचारीपर्यंत गर्दीने मला एका दुकानात नेऊन सोडलं, आणि विक्रेत्याने माझ्यापुढे तीन साड्या उलगडल्याही. मला तमिळ येत नाही, त्याला हिंदी येत नव्हती. मान हलवून नाही म्हटलं, तर तिकडे तशी मान हलवणं म्हणजे हो. त्याने चौथी साडी काढली. कावेरीने फोनवर ठावठिकाणा विचारून मला तिथून सोडवलं आणि जिन्यावरून पश्चिमेला आणलं.

पश्चिमेची बाजू एकदम वेगळी. दुमजली-तिमजली जुन्या इमारती, खाली औषधाचं दुकान, किराणा, फुलांच्या गजऱ्यांची टोपली घेऊन बसलेली बाई. प्रत्येक दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी. आमच्याकडे रांगोळी सणासुदीला. इथे रोज सकाळी, आणि दुपारपर्यंत पायांनी पुसून जाते त्याचं कुणाला काही वाटत नाही.

कावेरीचे वडील, अप्पा, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं मूळचं तंजावरचं, कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून गेलेलं. दारात उभं राहून त्यांनी हात जोडले. "यावें, यावें. प्रवास बेष झाला?"

'बेष' म्हणजे छान, हे मला माहीत होतं, पण छापलेल्या जुन्या पत्रांतून. जिवंत माणसाच्या तोंडून तो शब्द आला तेव्हा मी क्षणभर उत्तर द्यायची विसरले. बोलण्याचा सूर मात्र तमिळ, वाक्य शेवटाला वर चढणारं. कावेरी मैत्रिणींशी तमिळ बोलते, कामावर इंग्रजी, आणि हे मराठी फक्त अप्पांशी.

जेवायला रसवांगी होती, म्हणजे वांग्याची चिंच-खोबऱ्याची डाळीतली पातळ भाजी, आणि पिठलं. ते पिठलं पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं. तोंडात घातलं तर त्यात चिंच. अप्पा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "तुमच्याकडे चिंच घालीत नाहींत?" मी नाही म्हटलं. त्यांना माझी थोडी दया आली असावी. पुढे पंधरा दिवस त्यांनी मला रोज पिठलं वाढलं.

तांबरम

कॉलेजातली खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून चिंचेचं झाड आणि मधूनच हवाई दलाचं विमान. मला वाटलं होतं, खोलीभर यंत्रं असतील. एक टेबल, संगणकाचे दोन पडदे आणि फिल्टर कॉफीचा थर्मास, एवढंच होतं. या कामाच्या प्रमुख मीनाक्षी मॅडम, पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांना मराठी येत नाही. आम्ही इंग्रजीत बोलायचो. मराठीचा भार कावेरीवर.

संगणक शिकतो कसा, ते तिनेच मला समजावलं. "मावशी, आधी आपण थोडें सांगतों. भेंडी भाजी, वांगें भाजी, मेथी भाजी. मग तो अवघें वाचतो आणि पाहतो, हे शब्द वाक्यांत कोठें येतात. 'भेंडीची भाजी', 'मेथीची भाजी' असें दिसतें. मग जेथें 'अमक्याची भाजी' असें येईल, तें अमकें म्हणजे भाजी, असें तो धरतो."

"म्हणजे कुणी शिकवायला नको?"

"नको. रोज वाचतो, रोज वाढतें."

माझ्यापुढे पडद्यावर यादी यायची. प्रत्येक ओळीपुढे 'बरोबर', 'चूक' आणि 'माहीत नाही' अशी तीन बटणं. ज्याची संगणकाला पक्की खात्री, त्याच्यापुढे हिरवा ठिपका. पहिल्याच दिवशी भाज्यांच्या यादीत मला 'हात' सापडला. आईच्या हातची भाजी. त्याच्याखाली 'काल'. कालची भाजी. मी इतकी हसले की मीनाक्षी मॅडम कारण विचारायला उठून आल्या, आणि कळल्यावर त्याही हसल्या. पण बाकीचं पाहून मी थक्क झाले. टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं त्याला ठाऊक होती. शेवळं खाजरी असतात हेही. माझ्या वर्गातल्या मुलांना दहा वर्षं शिकवून जे आलं नाही, ते याने कुणी न शिकवता वाचून मिळवलं होतं. त्या संध्याकाळी घरी फोन करून मी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.

चौथ्या दिवशी 'खाण्याचे कंद' ही यादी आली. सुरण, रताळं, अळकुडी, करांदा. मी बरोबर, बरोबर म्हणत चालले होते. पाचवी ओळ: कळलावी. पुढे हिरवा ठिपका.

कळलावी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी वेल, लाल-पिवळं फूल, पाकळ्या उलट्या वळून ज्वाळांसारख्या दिसतात. फार सुंदर. आणि तिचा कंद जहाल विषारी. थोडा पोटात गेला तरी माणूस दगावू शकतं.

"हे त्याने कुठून घेतलं?" मी विचारलं.

कावेरीने ओळीवर बोट ठेवलं. खाली अकरा संकेतस्थळांची नावं उघडली, आणि त्यातल्या पहिल्याचं वाक्य. राखेच्या पाण्यात दोनदा उकडावे, घसा धरेनासा झाला की गुळखोबऱ्याबरोबर खावे.

मी ते दोनदा वाचलं. 'घसा धरेनासा झाला की' ही माझी भाषा आहे. दुसरं कुणी असं लिहीत नाही. ते वाक्य माझं होतं.

कसं झालं ते मला तिथे खुर्चीत बसल्याबसल्याच आठवलं. चार वर्षांपूर्वी मी एका दिवशी दोन टिपणं लिहिली. पहिलं कडू करांद्याचं, दुसरं कळलावीचं, लोकांनी ती ओळखून लांब राहावं म्हणून. मांडणी सारखी राहावी म्हणून करांद्याचं टिपणच पुन्हा घेतलं, वरचं नाव बदललं, वेलीचं आणि फुलाचं वर्णन बदललं, आणि खालच्या शिजवण्याच्या ओळी बदलायच्या राहिल्या. पुढे बरंच काही लिहायचं होतं, घाईत ते तसंच गेलं. आठ दिवसांनी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "बाई, हे काय लिहिलंत?" मी त्याच क्षणी दुरुस्त केलं, खाली विषारी असल्याचं ठळक लिहिलं आणि देवाचे आभार मानून विषय सोडून दिला. त्या आठ दिवसांत कुणी ते उचललं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. अकरा जणांनी उचललं होतं.

मी 'चूक' दाबलं. हिरवा ठिपका गेला नाही.

"मॅडम, हे चूक आहे," मी मीनाक्षी मॅडमना म्हटलं. "हे विष आहे."

त्यांनी पाहिलं. "तुम्ही चूक म्हणालात त्याची नोंद झाली. पण तुम्ही एक आहात. तिकडे अकरा पानं आहेत."

"ती अकराही पानं माझीच आहेत. माझ्याच एका चुकीच्या नकला आहेत. आणि मूळ पानावर तर मी दुरुस्ती केलीय."

"ती त्याने वाचलीय. एका ठिकाणी विषारी, अकरा ठिकाणी खाण्याचा. त्याने अकरांचं ऐकलं." त्या खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. "एकच गोष्ट बऱ्याच जणांनी लिहिली असेल तर ती खरी असण्याचा संभव जास्त, असं आम्ही धरलं होतं. एकानेच लिहिलेली बऱ्याच जणांनी उतरवली असेल, याचा विचार आम्ही पुरेसा केला नाही."

"मग हातानं काढून टाका."

"काढते. पण पुन्हा वाचेल तेव्हा पुन्हा शिकेल." आणि मग त्यांनी सांगितलं की ही सगळी यादी महिनाअखेरीला एका कंपनीकडे जायची आहे. शेतकऱ्यांनी फोनवर प्रश्न विचारायचे आणि यंत्राने मराठीत उत्तरं द्यायची, असं काहीतरी ती कंपनी बनवत होती.

त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

कोवलम

रविवारी कावेरी मला बळेच कोवलमला घेऊन गेली. केरळातलं नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेला किनाऱ्याच्या रस्त्यावर याच नावाचं कोळ्यांचं गाव आहे, बस जाते. मी मासे खाणारी, अप्पांच्या घरी अंडंही चालत नाही, आणि माझं मन कशात तरी रमावं असं तिला वाटत होतं.

आमच्या समुद्रावर सूर्य बुडताना बघायचा, इथे उगवताना. वाळूवर रंगीत होड्या ओढून ठेवलेल्या, त्यांच्या सावलीत जाळी दुरुस्त करणारी माणसं. लिलाव संपत आला होता. कावेरी ओढणी नाकाला लावून लांब उभी, आणि मी फिलोमिना नावाच्या कोळणीच्या झोपडीत सुरमईचा तळलेला तुकडा खात होते. तिखट आमच्यापेक्षा दुप्पट. डोळ्यांतून पाणी आलं ते मी मसाल्यावर ढकललं.

झोपडीमागे काटेरी कुंपण होतं आणि त्यावर ती होती. कार्तिकातही भरात, दहा-बारा फुलं. कावेरी म्हणाली, हे तर आमच्या राज्याचं फूल, आम्ही शाळेत चित्र काढायचों. तिने ही वेल पडद्यावरच्या त्या ओळीशी जोडलीच नव्हती. मी म्हटलं, "कावेरी, हीच कळलावी."

ती वाकून वेलीच्या बुडाशी माती उकरायला लागली, कंद कसा दिसतो ते पाहायला. फिलोमिनाने हातातली सुरी टाकून तिचं मनगट धरलं आणि तमिळमध्ये भरभर बोलत राहिली. कावेरीचा चेहरा उतरला.

"काय म्हणते?"

"तिच्या माहेरीं एक बाई होती. दुष्काळांत रताळें समजून उकडिलें. घरांतले तिघे गेले." कावेरी उठून उभी राहिली. "ती विचारते, इतकें शिकली आहेस, हें कोणी सांगितलें नाही?"

फिलोमिनाने तिचे दोन्ही हात माठातल्या पाण्याने धुवून दिले.

पुन्हा वेस्ट मांबलम

सोमवारपासून मी कॉलेजात गेले नाही. अप्पांच्या जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसले आणि त्या अकरा पानांच्या मालकांना शोधायला लागले. कुणाचा पत्ता होता, कुणाचा फोन, दोघांचं काहीच नव्हतं. चौघांनी त्याच दिवशी मजकूर काढला आणि माफी मागितली. तिघांना मी पत्रं पाठवली, अजून उत्तर नाही. एका सद्गृहस्थांनी सांगितलं, "मॅडम, मी नुसतं उचललेलं नाही. इंटरनेटवरच्या उत्तरं देणाऱ्या कंप्युटरला विचारून खात्री करून घेतलीय. तो म्हणाला, खातात."

"त्याला कुणी सांगितलं?"

"तो सगळं वाचतो ना."

"त्याने तुमचं वाचलं असेल," मी म्हटलं. "आणि तुम्ही माझं."

"बघतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. अप्पा शेजारी वर्तमानपत्र धरून बसले होते. त्यांनी ते घडी करून बाजूला ठेवलं.

नाशिकच्या एका ताईंचं पाककृतींचं पान होतं. त्याखाली वाचकांचे अभिप्राय होते: छान माहिती ताई, धन्यवाद ताई, नक्की करून बघेन. ते खाली खाली वाचत गेले तर गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली दोन ओळींची नोंद. "आम्ही केलं होतं. आईला ॲडमिट करावं लागलं. कृपया काढा."

पुढे काही लिहिलेलं नव्हतं. आई वाचली की नाही, तेही नव्हतं.

ताईंनी ती नोंद पाहिलीच नव्हती. फोनवर त्या रडायला लागल्या. लिहिणाऱ्याचा पत्ता त्यांच्याकडे होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नंबर मिळवून दिला. संतोष नावाचा मुलगा, पुण्यात नोकरीला, गाव जुन्नरकडे. मी नाव सांगितलं, कशासाठी फोन केला ते सांगितलं, आणि विचारलं, "आई कशा आहेत?"

"आहे," तो म्हणाला. "बोला तिच्याशी. मी गावीच आलोय."

मी खुर्चीत मागे टेकले.

त्या माउलीचं नाव हौसाबाई. आवाज खणखणीत. त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्याकडे त्या वेलीला खड्यानाग म्हणतात. बांधावर होती. मुलाने फोनवर फोटो दाखवला आणि म्हणाला, हिचा कंद खातात. "मी म्हणलं, आरं, हिला हात लावू नये म्हणायची माझी आई. तर तो म्हणला, आई, तुझ्या आईला काय म्हाईत, इथं धा ठिकानी लिवलंय. मंग मी बी म्हणलं, आसंल. शिकलेल्या मानसांनी लिवलंय."

त्यांनी राखेच्या पाण्यात दोनदा उकडलं. नातवंडं ताटं घेऊन बसली होती. त्यांना द्यायच्या आधी हौसाबाईंनी स्वतः कंद खाऊन पाहिला, चव कडू लागली म्हणून बाकीचं टाकून दिलं. संध्याकाळपासून ओकाऱ्या आणि जुलाब. कितीतरी दिवस दवाखान्यात. घरी आल्यावर डोक्यावरचे सगळे केस गेले. "आता आल्यात थोडं," म्हणाल्या.

"हौसाबाई," मी म्हटलं, "ते लिहिलेलं माझं होतं. माझ्या हातून चूक झाली."

मी शिव्यांची वाट पाहत होते.

"मला वाटलं मीच नीट उकडलं न्हाई," त्या म्हणाल्या. "वरीस झालं, मी सगळ्यांना तेच सांगतीय."

एवढं सगळं होऊन ती बाई वर्षभर स्वतःला दोष देत होती.

शेवटचे दोन दिवस मी पुन्हा तांबरमला गेले. मीनाक्षी मॅडमनी आधीच काम थांबवलं होतं. सारखीच वाक्यं असलेली पानं आता एकच धरायची, असं त्यांनी संगणकाला शिकवलं. अकरांचं एक झालं. कळलावी 'खात्री' मधून निघून 'माणसाला विचारा' या यादीत गेली, आणि खाण्यापिण्याचं, औषधाचं काहीही माणसाने पाहिल्याशिवाय कंपनीकडे जाणार नाही असं त्यांनी लेखी कळवलं. यादी महिनाअखेरीला गेली नाही. "अजून काय काय असं असेल?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "माहीत नाही," आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी नजर वळवली.

निघायच्या दिवशी सकाळी मी हौसाबाईंना पुन्हा फोन केला. म्हटलं, जे झालं ते तुमच्या शब्दांत माझ्या ब्लॉगवर लिहू का? तुम्ही सांगा, मी उतरवून घेते. ते पान आता आहे. माझ्या चुकीची कबुली वर, त्यांचं सांगणं खाली. कावेरीने कळवलं की संगणकाने ते वाचलं.

"लिवा," हौसाबाई त्या सकाळी फोनवर म्हणाल्या होत्या. "पर माझं नाव घाला. गावाचं बी घाला. कुनाला खोटं वाटलं तर इऊन इचारू द्या."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. अप्पा चष्मा पुसत ऐकत होते. संपल्यावर त्या म्हणाल्या, आता वाचून दाखवा. मी वाचायला लागले. 'नातवंडांना द्यायच्या आधी मी एक कंद खाल्ला,' इथपर्यंत आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"एक न्हाई, बाई. अर्धा खाल्ला. अर्धा लिवा."

मी 'एक' खोडलं आणि 'अर्धा' लिहिलं.